खडखडाटाचा पत्ता

खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत आपल्याकडे पंधरा वर्षांची असते. ती संपेपर्यंत गाडीची चाकं कशाच्या आधाराने जागेवर आहेत हे कुठल्याही सरकारी माणसाला वाकून पाहावं लागत नाही. पीयूसीवाला धूर मोजतो, विमावाला चारी बाजूंनी फोटो काढतो. शॉकअपमधून तेल गळतंय का, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचं रबरी बुश चिरलंय का, हा प्रश्न दोघांच्याही खात्यातला नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी असते. जर्मनीत पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी. दोन्हीकडे सस्पेन्शनचे सांधे हलवून बघतात. आपल्याकडे ट्रक, बस, टॅक्सीला योग्यता प्रमाणपत्र लागतं, घरच्या गाडीला नाही. एमएच-१४चं परिवहन कार्यालय आमच्या मोशीतच आहे. तरी माझ्या बारा वर्षांच्या हॅचबॅकला तिथलं दर्शन आणखी तीन वर्षांनीच घडेल.

तोवर तपासनीस मीच. घरच्या घरी सस्पेन्शनचं काम करावं की नाही, या वादात माझी सुरुवात इथून होते. एक पक्ष म्हणतो, पाने आणि जॅक असला की झालं, त्यात काय मोठंसं. दुसरा म्हणतो, जिवाशी खेळ आहे, गॅरेजवाल्याचं काम गॅरेजवाल्याला करू द्या. दोघंही बोलतात ते पार्ट बदलण्याबद्दल. माझ्या अनुभवात पैसे आणि डोकं दोन्ही जातं ते त्याच्या आधी, म्हणजे आवाज नेमका कशाचा आहे हे शोधण्यात. आणि त्याच्या नंतर, म्हणजे शेवटचा नट आवळण्यात. मधलं काम त्या मानाने सरळ असतं, फक्त एका जागी ते सरळ राहत नाही. तिथे येऊच.

मोशीत हा विषय हवेतच आहे. पुणे-नाशिक रस्ता गावातून जातो, १९९७ साली गाव महापालिकेत आलं, एका अंगाला भोसरीची एमआयडीसी आणि इंद्रायणीपलीकडे चाकण. आमच्या इमारतीत दर दुसऱ्या घरात कुणीतरी गाडीचा एखादा भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. भारतात शॉकअप म्हटलं की ज्यांचं नाव येतं त्या गॅब्रियल इंडियाची स्थापना १९६१ची, मुंबईची. आज त्यांचा एक कारखाना चाकणला आहे. हे नाव मुळात भोंग्याचं. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीचे हॉर्न बनवायला घेतले, तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं नाव त्यांना दिलं, आणि धक्के शोषणारं यंत्र पुढे त्याच कंपनीत तयार झालं. भोसरीत नाशिक रस्त्यालगत केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७पासून आहे. म्हणजे धक्का शोषणारा भाग बनतो तो वरच्या अंगाला, वाहनांचा अभ्यास होतो तो खालच्या अंगाला, आणि धक्के बसतात ते मधल्या रस्त्यावर.

नाशिक फाटा ते खेड हा पट्टा ज्याने पावसाळ्यात सकाळच्या शिफ्टच्या वेळी पार केलाय त्याला जास्त सांगायला नको. कंटेनरच्या चाकांनी डांबर कडेला ढकललं जातं, त्याचे वरंबे होतात, पाणी साचलं की खड्ड्याची खोली कळत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या सुमारे ३० किलोमीटरवर आठपदरी उन्नत मार्गाला ७,८२७ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तो होईल तेव्हा होईल. आज मात्र गतिरोधकसुद्धा खड्ड्याइतकेच जबाबदार आहेत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता यावा म्हणून. सोसायट्यांच्या तोंडाशी रातोरात उगवणारे काँक्रीटचे उंचवटे हातभर रुंद असतात आणि त्यांची उंची ठरते ती उरलेल्या मालावर. अशा उंचवट्यावर चाक एका झटक्यात वर फेकलं जातं. तो धक्का रबराच्या बुशांनी आणि बॉल जॉइंटने खायचा असतो.

आता आवाज.

सर्वात आधी डिकी रिकामी करावी. हे हसण्यावारी नेऊ नका. सैल जॅक, पाण्याची बाटली, सीटखाली गेलेली छत्री यांनी किती शॉकअप विनाकारण बदलायला लावले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप एका गॅरेजने बदलले, पावणेसहा हजार घेतले, आणि बाहेर पडल्यावर पहिल्याच गतिरोधकावर तोच आवाज तसाच आला. दोष लिंक रॉड नावाच्या एका दांड्याचा होता. काढलेले शॉकअप मी मागून घेतले होते. दांडे कोरडे, दाब एकसारखा, अजून चाळीस हजार किलोमीटर सहज गेले असते. गॅरेजवाला लबाड नव्हता. त्याने गाडी फक्त एक फेरी मारून पाहिली आणि सर्वात जास्त वेळा जे निघतं ते सांगितलं. गडबड होती ती त्याच्या दहा मिनिटांत. निदानाला वेळ लागतो, आणि त्याच्याकडे रांगेत आणखी सहा गाड्या होत्या. माझ्याकडे रविवार होता, तो मी वापरला नाही.

तर, काच खाली करून, रेडिओ बंद करून, एका बाजूला भिंत असलेल्या गल्लीतून दहाच्या वेगाने जावं. भिंतीवरून आवाज परत येतो आणि बाजू कळते. बारीकसारीक ओबडधोबड रस्त्यावर, पेव्हर ब्लॉकवर, हलकी खडखड येत असेल आणि मोठ्या खड्ड्यात मात्र गाडी शांत असेल, तर बोट आधी लिंक रॉडकडे दाखवावं. हा हातभर दांडा, दोन्ही टोकांना छोटे गोळे; शॉकअपला आणि स्टॅबिलायझर बारला जोडतो. गोळा झिजला की सतत टकटकतो. खड्ड्यात धप्पकन पोकळ आवाज आला तर शॉकअप किंवा त्याच्या डोक्यावरचं माउंटिंग. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग तंबोऱ्याच्या तारेसारखी टणकन सुटली, तर वरची बेअरिंग अडकते आहे. ब्रेक लावताना एकदाच ठक्‌, सोडताना पुन्हा ठक्‌: लोअर आर्मचं मागचं बुश. उन्हाळ्यात खाटेसारखं कुरकुरणं आणि पाऊस पडला की गप्प बसणं, हेही बहुधा बुशच. पावसाळ्यात मात्र त्याने फसू नये. फाटलेल्या रबरी टोपीतून पाणी आणि कच बॉल जॉइंटमध्ये शिरलेली असते, आणि खरा आवाज दिवाळीनंतर सुरू होतो.

कानाने पत्ता सापडला की हाताने खात्री करायची. चाक जमिनीवरून उचलून बारा आणि सहावर धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग. नऊ आणि तीनवर धरून जाणवला तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड. लिंक रॉड तपासायला उलट चाकं जमिनीवरच हवीत. एकाने गाडी डावी-उजवीकडे हलवायची, दुसऱ्याने बोटं सांध्यावर ठेवायची. झिजलेला गोळा कानाआधी बोटांना कळतो. लोअर आर्मच्या बुशाला पहार लावून हलकं उचकटावं. चांगलं रबर ताणून परत येतं, गेलेलं रबर चिरेतून तोंड उघडतं. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हेलकावते ते बघायची जुनी पद्धत अजून चालते, पण ती फक्त पार गेलेला शॉकअप पकडते. अर्धा गेलेला पकडायचा तर टायरवरून हात फिरवावा. शॉकअप रस्त्यावर चाक दाबून धरत नसेल तर ते उड्या मारत जातं आणि टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडतात. दांड्याजवळ तेलाचा नुसता ओलसर पापुद्रा असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही. धूळ चिकटून नळीवर काळा ओघळ खालपर्यंत आला असेल तर आतलं सील गेलं.

एवढं सगळं करायला लागतात दोन माणसं, एक जॅक, एक पहार, विजेरी आणि दोन तास. एकही नट उघडावा लागत नाही. पुढचं काम ज्याला गॅरेजमध्येच करून घ्यायचं आहे त्यानेही एवढं घरी करावं, असं माझं ठाम मत आहे. मग गॅरेजमध्ये ‘खडखड येते, बघा जरा’ असं न म्हणता ‘उजव्या बाजूच्या आर्मचं मागचं बुश गेलंय’ असं म्हणता येतं, आणि समोरच्याचा सूर बदलतो.

बाकी हे भाग असे झिजून फेकायचे झाले ते अलीकडचं. टांग्याला पोलादी पाट्यांची कमान होती, ट्रकला अजून आहे. पाटे तुटले की हमरस्त्यावरचा कमानवाला ते तापवून, ठोकून, नवा पाटा घालून देई. अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार होते, मागे पाटे. प्रीमियर पद्मिनीला पुढे दुहेरी आर्म आणि स्प्रिंग, मागे पाटे. त्या पिढीत घरचं काम म्हणजे ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरणं. सांध्यांना ग्रीस भरायच्या निपल असत आणि ज्याने ते वेळच्या वेळी भरलं त्याची गाडी टिकत असे. मग मारुती आली, १९८३च्या डिसेंबरात, आणि तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता. अर्ल मॅकफर्सन हे जनरल मोटर्समधून फोर्डमध्ये गेलेले अभियंता. शॉकअप, स्प्रिंग आणि वरचा आर्म या तिघांचं काम एकाच उभ्या नळकांड्यात बसवायची त्यांची रचना १९५०च्या सुमारास ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल-झेफिर गाड्यांतून प्रसिद्ध झाली. जागा वाचली, भाग कमी झाले, आडवं इंजिन मावलं. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढून त्याच वळणाच्या आहेत. ग्रीसच्या निपल गेल्या, सांधे कायमचे बंद झाले. देखभाल संपली आणि बदलणं सुरू झालं.

घरी काम करणाऱ्याला हे सोयीचंही पडलं. बुश आर्ममधून दाबून काढायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, तो घरी नसतो. पण आता बुश आणि बॉल जॉइंटसकट आख्खा आर्म मिळतो. जुना काढा, नवा लावा. थोडे जास्त पैसे जातात, प्रेसची पायपीट वाचते.

कामांची चढण अशी आहे. लिंक रॉड हे पहिलीचं पुस्तक. दोन नट. अडचण एकच, नट फिरवताना आतला गोळाही सोबत फिरतो, म्हणून मधल्या खाचेत ॲलन की धरून बाहेरून पाना चालवायचा. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा, आणि तरीही निघाला नाही तर सरळ कापावा. तो फेकायचाच आहे. पाने म्हणाल तर या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकच्या सातपूरमध्ये टपारियाचा कारखाना आहे, आणि त्यांच्या गोटी पान्यांच्या पेटीत या कामाचं नव्वद टक्के भागतं. लोअर आर्म ही पुढची इयत्ता. बॉल जॉइंट नकलमधून, म्हणजे चाकाचं हब धरणाऱ्या भागातून, सहज सुटत नाही, हातोडा थेट त्याच्या दांड्यावर बसला की आटे जातात. नकलच्या बाजूला दोन नेमके ठोके द्यायचे असतात. नकल सुटल्यावर ती बाहेर लोंबू द्यायची नाही, ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो. ब्रेकच्या होजवर तिचं ओझं टाकायचं नाही, तारेने वर बांधायची.

पण त्याही आधी गाडी कशावर उभी आहे ते. गाडीसोबत येणारा कात्रीचा जॅक पंक्चरपुरता असतो. त्याच्या भरवशावर कुणाच्याही बापाने गाडीखाली डोकं घालू नये. दोन स्टँड हवेत, गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात, आणि काढलेलं चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सारून ठेवायचं, सगळं हुकलं तरी चाकावर बसेल. आमच्याकडचा खास धोका म्हणजे पेव्हर ब्लॉक. खाली वाळू असते, पावसाने ती धुपलेली असते, आणि स्टँडचे चार पाय चार ब्लॉकवर चार वेगळ्या चालीने खचतात. जाड प्लायवूडचा चौकोन खाली घातला की भार पसरतो. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमधल्या गुळगुळीत टाइलवर उलटी तऱ्हा, तिथे स्टँड घसरतो. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये. आणि पाना जोरात ओढायचा असेल तर तो चाक जमिनीवर असताना ओढून नट आधीच ढिला करून ठेवायचा, अधांतरी गाडीला गदगदा हलवत बसायचं नाही.

वर म्हटलं होतं की एका जागी काम सरळ राहत नाही, ती जागा स्प्रिंग आहे. पुढचा स्ट्रट गाडीतून सगळाच्या सगळा उतरवता येतो. खाली नकलचे दोन बोल्ट, वर बॉनेटखालचे दोन-तीन नट, एबीएसची वायर आणि ब्रेक होजची क्लिप सोडवली की तो हातात येतो. इथवर घरी करायला माझी हरकत नाही. मात्र वरच्या माउंटिंगच्या मधोमध असलेला तो एकटा नट, त्याला हात लावायचा नाही. त्याच्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. समजा, स्प्रिंग मिलिमीटरला २५ न्यूटनची आहे आणि काम करताना ती १५ सेंटिमीटर दाबली गेली, तर तिच्यात २८० ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. अठ्ठावीस किलोची गोणी मीटरभर उंचीवरून पायावर पडावी, तेवढी. फरक एवढाच की गोणी खाली पडते हे ठाऊक असतं, स्प्रिंग कुठे जाईल ते नाही. बाजारात दोन आकड्यांचा स्प्रिंग कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतो. आटे कोरडे, आकडे वेटोळ्यावरून सरकणारे, आणि दोन्ही बाजू सारख्या आवळल्या नाहीत तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. कॉम्प्रेसर वापरणारे जपून वापरतात आणि त्यांचं होतंही नीट. मी वापरत नाही. स्ट्रट काढून शेजाऱ्याच्या गाडीच्या डिकीत टाकतो आणि भिंतीला बोल्ट केलेला कॉम्प्रेसर असणाऱ्या दुकानात नेतो. तिथे अर्ध्या तासात स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवून मिळते. मजुरी किरकोळ असते.

त्या दुकानातही डोळे उघडे ठेवावेत. नट लवकर सुटावा म्हणून शॉकअपचा चकचकीत दांडा पक्कडीत धरणारे असतात. त्या दांड्यावर नखाएवढा ओरखडा उठला तरी तो दर खड्ड्याला सीलमधून आरपार जातो आणि सील फाडतो. नवा शॉकअप महिन्याभरात गळला की दोष कंपनीला जातो. बसवण्याआधी नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-सोडून घ्यावा, आडवा पडून आत सरकलेली हवा वर येते. जुन्याचं रबरी बंप स्टॉप आणि धुळीची टोपी परत वापरायचा मोह टाळावा. आणि शॉकअप बदलायचे तर डावा-उजवा जोडीने, नाहीतर ब्रेक मारताना दोन बाजू दोन तऱ्हांनी वागतात.

आता शेवटचा नट. आमच्या मजल्यावरचे एक काका तीस वर्षं असेंब्ली लाइनवर होते. माझा आर्म बसवून झाला, मी गाडी अधांतरी असतानाच बोल्ट पूर्ण आवळायला घेतले, तेव्हा ते खुर्चीतून म्हणाले, ‘‘अरे, चाक लोंबतंय ना तुझं? मग रबराला पीळ घालून का आवळतोयस?’’ तोवर मला वाटत होतं बुश आपल्या बोल्टभोवती फिरतं. ते फिरत नाही. आतली लोखंडी नळी बोल्टने घट्ट धरलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली, आणि मधलं रबर दोघींना चिकटलेलं. आर्म वर-खाली होतो तो फक्त रबराच्या पिळावर. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीला सरळ असतं. गाडी खाली टेकली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं. मग प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. चार वर्षं टिकायचं बुश वर्षात चिरतं. म्हणून आडवे बोल्ट आधी नुसते हाताने बसवायचे, गाडी चाकांवर टेकवायची किंवा आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन त्यावर घ्यायचं, आणि मगच आवळायचं. लिफ्टवर गाडी टांगून एअरगनने तीन मिनिटांत सगळं आवळणाऱ्या गॅरेजात हे सहसा होत नाही. घरी काम करणाऱ्याला गॅरेजवर मात करता येते ती या एका ठिकाणी, आणि तीही फक्त त्याला घाई नसते म्हणून.

पार्ट कुठून आणावे यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण थोडं आहे. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणं, हा ठपका. पुढे अपिलं झाली. पण पार्ट मिळण्यातली अडचण तेव्हापेक्षा आज खूपच कमी वाटते. पुण्यात नाना पेठेत उभं राहिलं की हव्या त्या गाडीचा आर्म तीन दर्जांत पुढे येतो: कंपनीच्या डब्यातला, कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातला, आणि ‘चालतो साहेब’ प्रकारातला. मधला घ्यावा. अनेकदा तोच माल असतो, छाप वेगळी. तिसऱ्यात बॉल जॉइंटची टोपी बोटाने दाबून पाहा, आत ग्रीस आहे की नुसती हवा ते कळतं. २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, तेव्हा त्याआधी छापलेल्या किमतीवर घासाघीस करायला हरकत नाही. जुन्या गाड्यांचे काढलेले भाग हवे असले तर आमच्याकडचे लोक शेजारच्या चिखली-कुदळवाडीकडे वळत. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली आणि भंगाराचा तो बाजार विखुरला. सस्पेन्शनपुरती मला त्याची हळहळ नाही. दरवाजा, आरसा, सीट जुनी चालते. दुसऱ्याने झिजवलेला बॉल जॉइंट विकत घेणं म्हणजे त्याचा आवाज विकत घेणं.

पैशाचा हिशेब लोकांना वाटतो तसा सरळ नाही. अमेरिकेत गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या पुढे जाते. न्यू जर्सीतला माझा आतेभाऊ, ज्याने पुण्यात असताना स्कूटरचा प्लगही कधी बदलला नाही, तो तिकडे शनिवारी गाडीखाली पडलेला असतो. पार्टचं दुकान अनामत घेऊन त्याला स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरायला देतं. मोशीत हेच काम करणाऱ्या कारागिराची मजुरी पार्टच्या किमतीहून कमी असते. दोन स्टँड, बरा जॅक, टॉर्क रेंच, गोटी पान्यांची पेटी घेतली की सात-आठ हजार गेले. ते दोन-तीन कामांत वसूल होतील असं कुणी सांगत असेल तर त्याने वेळ फुकट धरलाय. निव्वळ बचतीसाठी हे करू नये. काम नीट व्हावं म्हणून करावं, किंवा हौस म्हणून. जर्मनीत लिफ्ट आणि अवजारांसकट तासावर भाड्याने मिळणारी वर्कशॉप आहेत, हौशी लोक तिथे जातात. भोसरी-मोशीच्या पट्ट्यात, जिथे निम्म्या लोकांच्या हाताला पान्याची सवय आहे, तिथे असं एखादं का चालू नये कळत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी दोनदा काम काढलं, तिसऱ्यांदा सेक्रेटरींनी तेलाच्या डागाबद्दल सूचनाफलकावर लिहिलं. डाग माझा नव्हता. पण गाडीखाली पाय दिसलेला माणूस मीच.

कायद्याची बाजू छोटी आहे. झिजलेल्याच्या जागी तसाच नवा भाग लावायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यानिमित्ताने गाडी उंच करणारे स्पेसर किंवा खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा घालण्याचा मोह झाला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. निर्मात्याने ठरवलेल्या रचनेबाहेरचा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये सांगितलं आहे. खड्ड्यांवर उतारा म्हणून स्पेसर घालणारे बरेच भेटतात. गाडी इंचभर उचलते, पण ड्राइव्ह शाफ्ट आणि बॉल जॉइंट कायम तिरके राहून झिजतात.

काम झालं की अलाइनमेंट, त्याच दिवशी, आणि तिथवर हळू. स्ट्रट आणि नकल यांच्या बोल्टना भोकात किंचित मोकळीक असते, तेवढ्यात चाकाचा तिरकेपणा बदलतो. सोडण्याआधी खुणेची रेघ मारून ठेवली असेल तर जवळपास मूळ जागी येतं, तरी मोजलेलं बरं. अलाइनमेंटवाला बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त टो, म्हणजे चाकांचं आत-बाहेर वळणं, जुळवतो, कारण बाकीचं जुळवायची सोय गाडीत नसते. त्याच्याकडून आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे छापून घ्यावेत. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे.

तपासायचे म्हणजे कितीवर? इथे गाडी अडते. चाकण पट्ट्यातल्या असेंब्ली लाइनवर असे महत्त्वाचे बोल्ट विजेवरची बंदूक ठरलेल्या टॉर्कवर आवळते, आणि कितीवर आवळला ते गाडीच्या क्रमांकासोबत संगणकात नोंदवलं जातं. काकांनी त्यातच उमेदीची वर्षं घालवली. त्यांना आजही त्यांच्या स्टेशनवरच्या दोन बोल्टचे आकडे पाठ आहेत, फक्त ते दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचे. माझ्या गाडीच्या मालक-पुस्तिकेत चाकाच्या नटांचा आकडा आहे, गाणी ब्लूटूथवर कशी लावायची याची चौदा पानं आहेत, आणि लोअर आर्म, बॉल जॉइंट, स्ट्रट, लिंक रॉड यांचा एकही आकडा नाही. ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतात आणि मॅन्युअल मालकासाठी नसतं. ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं, आणि निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. पार्ट नाना पेठेत मिळतो, पाना नाशिकचा आहे, काम सांगणारे काका तिसऱ्या मजल्यावर आहेत. आठ-दहा आकडे तेवढे राहिलेत. पुस्तिकेच्या मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मावतील, तिथे सध्या ‘नोंदी’ असं लिहून कोरी जागा सोडलेली आहे. माझ्या प्रतीत तिथे काकांच्या अक्षरात चार आकडे आहेत, जुन्या ओळखीच्या एका सर्व्हिस सेंटरमधल्या पोराला फोन करून मिळवलेले.